ॲनेक्सवालं घर आणि इंग्लंडची स्टॅम्प ड्युटी: सारखे सारखे येणारे प्रश्न

आई-बाबा सहा महिने राहायला येणार, मग घराला लागून एक खोली-किचन-बाथरूम असलं तर बरं, म्हणून ॲनेक्सवाली घरं आपल्या लोकांना आवडतात. आणि ऑफर गेली रे गेली की त्याच आठवड्यात स्टॅम्प ड्युटीचे मेसेज सुरू होतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळं इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडबद्दल आहे, स्कॉटलंड-वेल्सवाल्यांनी थेट प्रश्न २० वर जावं. आकडे १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांचे आहेत, जुने असतील तिथे तसं लिहिलंय.

१. मुळात ॲनेक्स असलेल्या घराला स्टॅम्प ड्युटीत सवलत मिळते का?

आता नाही. पूर्वी मिळायची, ती १ जून २०२४ पासून बंद झाली (प्रश्न २). आता जे आहे ती सवलत नाही, फक्त एवढंच की ॲनेक्स छोटं असेल तर त्याच्यामुळे जास्तीचा सरचार्ज लागत नाही (प्रश्न ४). म्हणजे ॲनेक्समुळे टॅक्स कमी होणार नाही, वाढू मात्र शकतो. हे डोक्यात पक्कं ठेवलं तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

२. मग आमच्या मित्राला ॲनेक्समुळे साडेबारा हजार पौंड परत मिळाले ते कसे?

त्याने एमडीआर घेतलं असणार, म्हणजे मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ. ही सवलत जुलै २०११ मध्ये आली, एकदम बरीच घरं विकत घेऊन भाड्याने देणाऱ्यांसाठी. पद्धत अशी की एकूण किंमत भागिले घरांची संख्या, त्या सरासरीवर टॅक्स काढायचा आणि परत घरांच्या संख्येने गुणायचा, फक्त एकूण टॅक्स किमतीच्या १ टक्क्याखाली जाता कामा नये.

आता बघा, मे २०२४ मध्ये ७,५०,००० पौंडांचं घर घेतलं. तेव्हा अडीच लाखांपर्यंत शून्य आणि पुढे ५ टक्के, म्हणजे साधा टॅक्स २५,०००. ॲनेक्स हे दुसरं घर धरलं तर सरासरी ३,७५,०००, त्यावर ६,२५०, गुणिले दोन, १२,५००. निम्मा टॅक्स गेला! साहजिकच ज्याच्या गॅरेजमध्ये सिंक आणि शॉवर होता तो प्रत्येक जण म्हणायला लागला की माझ्याकडे दोन घरं आहेत. कोर्टकज्जे झाले, सरकारने सवलतीचा आढावा घेतला, आणि ज्यासाठी ती आणली होती त्या भाड्याच्या घरांच्या गुंतवणुकीला तिचा फायदा होत असल्याचा ठोस पुरावा नाही असं निघालं. शेवटी ६ मार्च २०२४ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती बंद करायची घोषणा केली.

३. आज ॲनेक्सवालं घर घेतलं तर टॅक्स नक्की किती?

सरचार्ज नसेल तर नेहमीचाच. पहिल्या १,२५,००० वर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, १५ लाखांपर्यंत १० आणि त्याच्या वर १२. वरचंच साडेसात लाखांचं घर आज घेतलं तर २७,५००. सरचार्ज लागला तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे अजून ३७,५००, एकूण ६५,०००. सरचार्ज फक्त ॲनेक्सच्या किमतीवर लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, अख्ख्या किमतीवर लागतो.

रिटर्न आणि पैसे दोन्ही कम्प्लिशननंतर (म्हणजे घर नावावर होऊन ताब्यात येतं तो दिवस) १४ दिवसांत. सॉलिसिटर करतो, पण जबाबदारी तुमची.

४. सरचार्ज म्हणजे काय, आणि ॲनेक्समुळे आपोआप लागतो का?

एप्रिल २०१६ पासून दुसरं घर घेणाऱ्यांना जास्तीचा दर आहे. आधी ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. एकाच व्यवहारात दोन घरं घेतली तरी तो लागतो, आणि भीती इथेच होती, कारण ॲनेक्स हे कायद्याने दुसरं घर ठरलं तर राहतं घर घेणारा साधा माणूससुद्धा अडकला असता. म्हणून कायद्यात सोय केली: ॲनेक्स मुख्य घराच्याच इमारतीत किंवा आवारात असेल आणि एकूण किमतीतला किमान दोन तृतीयांश भाग मुख्य घराचा असेल, तर ते दुय्यम घर धरायचं आणि त्याच्यामुळे सरचार्ज लावायचा नाही.

म्हणजे तीन शक्यता झाल्या. ॲनेक्स वेगळं घर म्हणून मोजण्यासारखंच नाही, तर नेहमीचा दर. वेगळं घर आहे पण किंमत एक तृतीयांश किंवा कमी, तरी नेहमीचा दर. वेगळं घर आहे आणि किंमत एक तृतीयांशाच्या वर, तर सरचार्ज. तिसऱ्या केसमध्ये तुम्ही जुनं राहतं घर विकून नवीन घेत असलात तरी सुटका नाही, कारण ती सूट दोन घरं एकदम घेणाऱ्याला मिळत नाही. हे ऐकून लोक चिडतात, पण आहे ते असं आहे.

बाकी ॲनेक्सला वाटून येणारी किंमत ४०,००० पौंडांच्या खाली असेल तर ते हिशोबातच धरत नाहीत.

५. एक तृतीयांश कसं मोजायचं? चौरस फुटांवर?

नाही, किमतीवर. कायदा म्हणतो वाटणी न्याय्य आणि वाजवी पाहिजे, म्हणजे बाजारात त्या भागाची काय किंमत आली असती त्यावरून. मुख्य घराला बाग, ड्राइव्हवे, चांगलं किचन असतं, त्यामुळे ॲनेक्स क्षेत्रफळाने ३० टक्के असलं तरी किमतीने बहुतेक वेळा त्याहून कमी भरतं. नेहमीच्या गॅरेज-कन्व्हर्जन टाइप ॲनेक्सला काळजीच नाही. काळजी कुणी करायची, तर ज्यांचं ॲनेक्स म्हणजे आवारातलं दोन-तीन बेडरूमचं स्वतंत्र कॉटेज आहे त्यांनी.

उदाहरणार्थ ९,००,००० चं घर, म्हणजे रेषा ३,००,००० वर. ॲनेक्स २,९०,००० चं धरलं तर एकूण टॅक्स ३५,०००. तेच ३,१०,००० चं धरलं तर ८०,०००. वीस हजारांच्या फरकाने पंचेचाळीस हजारांचा खड्डा! त्यामुळे रेषेच्या जवळपास असाल तर एक्स्चेंजच्या (म्हणजे खरेदीचा करार पक्का होण्याच्या) आधी सर्व्हेयरकडून दोन्ही भागांचं लेखी व्हॅल्युएशन घ्या, इस्टेट एजंटच्या तोंडी आकड्यावर राहू नका. आणि तारीख बघा हं, नंतर पत्र आल्यावर मागच्या तारखेचं व्हॅल्युएशन काढलं की ते सोयीचंच वाटतं.

६. ॲनेक्स 'वेगळं घर' आहे की नाही हे ठरवतं कोण?

आधी तुम्ही आणि तुमचा सॉलिसिटर, रिटर्न भरताना. मग एचएमआरसीला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, पटलं नाही तर ते, आणि वाद वाढला तर ट्रायब्युनल, म्हणजे टॅक्सचे वाद ऐकणारं कोर्ट.

कसोटी अशी की कम्प्लिशनच्या दिवशी ती जागा एक स्वतंत्र घर म्हणून राहायला योग्य होती का. तुम्ही तिथे कुणाला ठेवणार होतात याला महत्त्व नाही, सासूबाई, भाडेकरू, कुणी नाही, काहीही असो. इथला महत्त्वाचा खटला फायंडर आणि ब्राउअर यांचा, अपर ट्रायब्युनल, २०२१. त्यात ॲनेक्स होतं, पण मुख्य घराकडून येणाऱ्या बोळाला दारच नव्हतं. ट्रायब्युनलने सांगितलं की झोपणं, खाणं-करणं, आंघोळ या सोयी तर हव्यातच पण बेताची प्रायव्हसी आणि सुरक्षितताही हवी, अनोळखी माणसाने राहायचं म्हटलं तर राहता आलं पाहिजे. घेणारे हरले.

आता नेहमी बघण्यात येणारं ॲनेक्स डोळ्यासमोर आणा. युटिलिटी रूममधून, वॉशिंग मशीनच्या बाजूने, एक साधं आतलं दार. त्याला कडी एकाच बाजूने, ती पण घराच्या. पलीकडे एक बेडरूम, शॉवर, कोपऱ्यात सिंक आणि दोन कपाटं, कुकरचा पॉइंट कुठेतरी फ्रिजच्या मागे. बागेच्या बाजूने काचेचं दार आहे पण लेटरबॉक्स नाही. फ्यूज बॉक्स आणि बॉयलर मुख्य घरात. अशा जागेला वेगळं घर म्हणायला बराच धीर लागतो. याउलट स्वतःचं पुढचं दार, दोन्हीकडून लॉक होणारं मधलं दार किंवा मधे भिंतच, पूर्ण किचन, हीटिंगचा स्वतंत्र कंट्रोल, वेगळा पत्ता, हे सगळं असेल तर वेगळं घर म्हणण्यासारखं आहे. एकाच गोष्टीवर निकाल लागत नाही, सगळं मिळून बघतात.

गंमत अशी की हे खटले एचएमआरसी लढली ते लोकांना सवलत मिळू नये म्हणून. आता सवलतच गेली, तेव्हा तेच निकाल घेणाऱ्याच्या कामाचे. दाराला कडी नसलेलं ॲनेक्स आज तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

७. ॲनेक्सला काउन्सिल टॅक्सचं (इथली घरपट्टी) वेगळं बिल येतं. म्हणजे वेगळं घर झालंच ना?

तेवढ्यावरून नाही. काउन्सिल टॅक्सचा कायदा वेगळा, कसोटी वेगळी. ॲनेक्सला काउन्सिल टॅक्सचा वेगळा बँड (आकारणीचा गट) असणं हा एक मुद्दा म्हणून बघतात, बस. तसंच प्लॅनिंग परमिशनमध्ये "मुख्य घरापासून वेगळं विकता किंवा भाड्याने देता येणार नाही" अशी अट असेल तर तो उलट्या बाजूचा मुद्दा. तोही एकटा पुरेसा नाही.

इंग्लंडमध्ये वेगळं बिल येत असेल तर हे मात्र जरूर बघा: ॲनेक्समध्ये कुटुंबातलं माणूस राहत असेल, किंवा तुम्हीच ते मुख्य घराचा भाग म्हणून वापरत असाल तर ५० टक्के सूट आहे, आणि राहणारं अवलंबून असलेलं नातेवाईक ६५ वर्षांवरचं असेल तर ॲनेक्सचं बिल पूर्ण माफ होऊ शकतं. काउन्सिलला अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी देत नाही. स्टॅम्प ड्युटीच्या रिफंडमागे धावणारे लोक ही सूट मागायची विसरतात, जी दर वर्षी मिळते.

८. विकणाऱ्याने ॲनेक्सचं किचन काढून नेलं / ॲनेक्स मोडकळीला आलंय. मग ते घर धरायचं का?

फ्रिज-कुकर नसल्याने काही बिघडत नाही. पाण्याची लाइन, ड्रेनेज, कुकरचं वायरिंग जागेवर असेल तर एचएमआरसीच्या दृष्टीने किचन आहे. मुद्दाम आदल्या आठवड्यात सिंक उचकटून "बघा, किचन नाही" म्हणणं तर फारच केविलवाणं.

मोडकळीचं म्हणाल तर मुदन खटल्यात वायरिंग, बॉयलर, छप्पर वगैरे सगळ्याची कामं निघालेलं घर सुद्धा घरच धरलं, आणि २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनेही तेच कायम केलं. दुरुस्ती करून राहता येईल असं असलं तर ते घर. इमारतच धोकादायक असेल तर वेगळी गोष्ट.

९. दोन ॲनेक्स आहेत. प्रत्येकाची एक तृतीयांश वेगळी मोजायची?

नाही. मुख्य घराची किंमत सगळ्यांच्या मिळून बेरजेच्या दोन तृतीयांश हवी. म्हणजे दोन्ही ॲनेक्स मिळून एक तृतीयांशाच्या आत. आणि बागेतली वर्क-फ्रॉम-होमची केबिन, जिच्यात टॉयलेट पण नाही, ते ॲनेक्स नव्हे, ती सोडून द्या.

१०. माझा पुण्यात फ्लॅट आहे, इथे भाड्याने राहतो. ॲनेक्स छोटं आहे मग सरचार्ज नाही ना?

लागणार, पण ॲनेक्समुळे नाही, पुण्याच्या फ्लॅटमुळे. घर जगात कुठेही असो, तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल तर ते मोजतात, म्हणजे ढोबळमानाने चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरातलं. पुणे-ठाण्यात आता वन बीएचके सुद्धा त्यात बसतो. सरचार्ज ॲनेक्ससकट पूर्ण किमतीवर.

यातून सुटायची एक खरी वाट आहे: पुण्याचा फ्लॅट इथल्या कम्प्लिशनच्या आधीच विकून टाकायचा, मग नावावर दुसरं घर उरत नाही. आधी इथलं घेतलं आणि मग तीन वर्षांत पुण्याचं विकलं तर भरलेला सरचार्ज परत मागता येतो, पण तेव्हा पुण्याचा फ्लॅट इथलं घेण्याच्या आधीच्या तीन वर्षांत तुमचं राहतं घर असायला हवं. दहा वर्षं भाड्याने दिलेला फ्लॅट इथलं घेतल्यानंतर विकून उपयोग नाही.

११. फ्लॅट माझा नाही, वडील गेल्यावर घरात माझा आणि बहिणीचा हिस्सा आलाय. तोही मोजतात?

वारसाने आलेला हिस्सा अर्धा किंवा कमी असेल तर वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं तो मोजत नाहीत. तीन वर्षं उलटली की मोजतात, हिस्सा ४०,००० च्या वर असेल तर. गावच्या वाड्यात सोळावा हिस्सा असणाऱ्यांनी निश्चिंत राहावं.

१२. ॲनेक्स आई-बाबांसाठीच आहे, पैसे पण ते देणार. त्यांना जॉइंट ओनर करावं का?

बहुतेक घरांत भावना म्हणून करावंसं वाटतं, पण टॅक्सच्या दृष्टीने हे फार महाग पडतं. जॉइंट घेणाऱ्यांपैकी एकाकडे जरी दुसरं घर असेल, आणि आई-बाबांचं तिकडे असणारच, तर अख्ख्या व्यवहारावर ५ टक्के. शिवाय ते इथले रहिवासी नाहीत, म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस इथे नव्हते, म्हणून एप्रिल २०२१ पासूनचा २ टक्के नॉन-रेसिडेंट सरचार्ज पण. सहा लाखांच्या घरावर २०,००० च्या जागी ६२,०००!

त्यापेक्षा त्यांनी तुम्हाला पैसे गिफ्ट द्यावेत. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, बँक आणि सॉलिसिटर गिफ्ट लेटर मागतील, पैसे कुठून आले त्याचे कागद मागतील. फक्त ते खरंच गिफ्ट हवं. "नाव तुझं पण अर्धं आमचं" असं आतून ठरलेलं असेल तर कायदा त्यांनाही घेणाऱ्यांत धरतो.

आणि एक, टॅक्सशी संबंध नाही पण सांगायला हवं: ॲनेक्स घेतलं म्हणून आई-बाबांना कायमचं राहता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने, आणि अवलंबून असलेल्या पालकांचा व्हिसा मिळणं अतिशय कठीण आहे. घर बघताना हे आधी बोला.

१३. महाराष्ट्रात बायकोच्या नावावर घेतलं की एक टक्का कमी लागतो. इथे?

इथे तसलं काही नाही. आणि बायकोच्या नावावर घेतल्याने तुमचा पुण्याचा फ्लॅट लपत पण नाही, एकत्र राहणारे नवरा-बायको सरचार्जसाठी एकच धरतात.

१४. आमचं आयुष्यातलं पहिलंच घर आहे. फर्स्ट टाइम बायरची सवलत ॲनेक्सवाल्या घराला?

आधी आकडा बघा. १ एप्रिल २०२५ पासून ३,००,००० पर्यंत शून्य, ५,००,००० पर्यंत ५ टक्के, आणि किंमत पाच लाखांच्या वर गेली की सवलत पूर्ण रद्द. लंडनच्या आसपास ॲनेक्सवालं घर या रकमेत कुठे मिळायला! जगात कुठेही कधीही घर नावावर असेल तरी सवलत नाही, पुण्याचा फ्लॅट विकून टाकला असला तरी.

बाकी अट एकाच घराची आहे. ॲनेक्स प्रश्न ६ मधल्या युटिलिटी-रूमवाल्या टाइपचं असेल तर ते एकच घर. पण स्वतंत्र कॉटेज असेल तर सॉलिसिटरकडून आधी लेखी मत घ्या. आज एका फॉर्मवर एक घर आणि उद्या दुसऱ्या फॉर्मवर दोन घरं असं चालत नाही.

१५. एका कंपनीचं पत्र आलंय, "तुमच्या ॲनेक्समुळे तुम्ही जास्त स्टॅम्प ड्युटी भरली आहे, रिफंड मिळवून देतो, नो विन नो फी". करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पत्रात तुमचा पत्ता, घेतल्याची तारीख, किंमत सगळं बरोबर असतं, त्यामुळे लोकांना वाटतं यांना काहीतरी माहीत आहे. त्यांना काही माहीत नाही. किंमत आणि तारीख लँड रजिस्ट्रीच्या सार्वजनिक यादीत असते आणि "ॲनेक्स" हा शब्द जुन्या जाहिरातीतून उचललेला असतो.

१ जून २०२४ नंतर घेतलंय तर एमडीआर नाहीच (अपवाद प्रश्न १७). आधी घेतलंय तर क्लेमची मुदत रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १२ महिने होती, म्हणजे ३१ मे २०२४ ला कम्प्लिशन झालेल्यांची सुद्धा जून २०२५ मध्ये संपली. कुणी म्हणेल चार वर्षांपर्यंत ओव्हरपेमेंट क्लेम करता येतो, पण ट्रायब्युनलने एमडीआरसाठी ती वाट मान्य केलेली नाही. आता अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि ज्यांनी मुदतीत क्लेम केला, पैसे खात्यात आले, त्यांचं काय? पैसे आले म्हणजे एचएमआरसीने तपासून मान्य केलं असं नाही. आधी देतात, मग तपासतात. रिटर्न दुरुस्त केल्यापासून नऊ महिन्यांत एचएमआरसीला चौकशी उघडता येते, त्यानंतरही साधारण चार वर्षं, निष्काळजीपणा असेल तर सहा आणि मुद्दाम केलं असेल तर वीस वर्षं मागे जाता येतं. मग रिफंड परत, वर व्याज, कधी दंड. कंपनीने कापून घेतलेला वाटा मात्र कंपनीकडेच राहतो, कारण सही तुमची असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. असं पत्र आलं तर सरळ रिसायकलिंगच्या डब्यात.

१६. उलट झालंय. सॉलिसिटरने ॲनेक्स बघून सरचार्ज भरायला लावला, आणि ॲनेक्स तर एवढंसं आहे. आता?

हा मात्र खरा रिफंड, आणि याला कंपनी लागत नाही. बारा महिन्यांच्या आत असाल तर रिटर्न दुरुस्त करायचं, नंतर असाल तर कम्प्लिशनपासून चार वर्षांपर्यंत ओव्हरपेमेंटचा क्लेम. सोबत जोडायला ॲनेक्सचा फ्लोअर प्लॅन, फोटो, किमतीच्या वाटणीचं पत्र. सॉलिसिटरला आधी विचारा, त्यांचीच चूक असेल तर फी न घेता करून देतात. सरचार्ज दुसऱ्या कारणाने लागला होता का तेही तपासा (प्रश्न १०), नाहीतर उगाच धावपळ.

१७. आमचं एक्स्चेंज ६ मार्च २०२४ च्या आधी झालं होतं, कम्प्लिशन खूप उशिरा. एमडीआर मिळेल?

मिळू शकतं. करार ६ मार्च २०२४ ला किंवा त्याआधी झालेला हवा आणि त्यानंतर त्यात बदल केलेला नको, करार दुसऱ्याच्या नावावर केलेला नको. न्यू बिल्ड घेणाऱ्यांपैकी थोडे यात बसतात. मुदत तुमच्या कम्प्लिशनपासून मोजा: १४ दिवस, आणि त्यापुढे १२ महिने. करारात "छोटासाच" बदल केला होता म्हणणाऱ्यांनी तो बदल सॉलिसिटरला दाखवूनच पुढे जावं.

१८. ॲनेक्समध्ये मी माझं अकाउंटिंगचं काम करतो. मिक्स्ड यूज (घर आणि धंदा दोन्ही) म्हणून कमी दर लागेल का?

बिगर-निवासी दर ५ टक्क्यांच्या वर जात नाही आणि त्यावर सरचार्ज नाही, म्हणून हा मोह होतो. पण तुम्ही नंतर काय करणार ते बघत नाहीत, कम्प्लिशनच्या दिवशी जागा काय होती ते बघतात. बेडरूममध्ये टेबल टाकून लॅपटॉप उघडला तर ते ऑफिस होत नाही. विकणाऱ्याचा तिथे खराखुरा, वेगळा चालणारा धंदा होता, डेंटिस्टचं क्लिनिक वगैरे, तरच बोलण्यात अर्थ.

१९. घर साधं घेतलं आणि नंतर गॅरेजचं ॲनेक्स केलं तर?

स्टॅम्प ड्युटी काहीच नाही, ती खरेदीवर असते, बांधकामावर नाही. एक तृतीयांशाची रेषा पण लागू नाही. रेषेच्या जवळपासचं तयार ॲनेक्सवालं घर बघत असाल तर हा पर्याय हिशोबात घ्या. प्लॅनिंग, बिल्डिंग रेग्युलेशन्स आणि काउन्सिल टॅक्स (प्रश्न ७) हे आहेच.

२०. आम्ही एडिनबरोला / कार्डिफला आहोत.

तुमचा टॅक्सच वेगळा. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २०१५ पासून एलबीटीटी, वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून एलटीटी. जून २०२४ चा बदल तिकडे लागू नाही, दर वेगळे, दुसऱ्या घराचा जादा दर पण वेगळा (स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के). इथलं एकही उदाहरण तिकडे वापरू नका.

२१. आम्ही २०२४ च्या सुरुवातीला एमडीआर घेतलं होतं, रीतसर. आता ॲनेक्सची भिंत पाडून मोठं किचन करायचंय. काही अडचण?

अडचण आहे, आणि बिल्डर किंवा आर्किटेक्ट हे सांगणार नाही. एमडीआर घेतल्यावर कम्प्लिशनपासून तीन वर्षांच्या आत घरांची संख्या कमी होईल असं काही केलं, म्हणजे दोनाचं एक केलं, तर टॅक्स नव्याने मोजायचा, मुदतीत परत रिटर्न भरायचं आणि फरकाचे पैसे द्यायचे. प्रश्न २ मधल्या घराला हा फरक १२,५०० पौंड, म्हणजे मिळालेली सगळी सवलतच. मधे घर त्रयस्थ माणसाला विकलं तर तुमची बांधिलकी तिथे संपते.

रंगरंगोटी, नवीन शॉवर, फरशी, हे खुशाल करा. मधली भिंत पाडणं किंवा ॲनेक्सचं किचन आणि बाहेरचं दार काढून टाकणं मात्र तीन वर्षं थांबवा. फेब्रुवारी २०२४ ला कम्प्लिशन असेल तर बिल्डरला मार्च २०२७ ची तारीख द्या.